आत्याचा हप्ता

मुलुंडच्या आमच्या खिडकीतून हिवाळ्यातली सकाळ आधी वासाने येते. खालच्या इस्त्रीवाल्याचे कोळसे धुमसू लागतात आणि पलीकडच्या डोंगराची कड त्या धुरात सावकाश उमटते. अशाच एखाद्या सकाळी टेबलावरचा फोन थरथरतो. वर्षातून काही वेळा तो शेतीच्या सरकारी हप्त्याचा निरोप आणतो. घाटकोपरच्या चाळीत वाढलेली माझी बायको न पाहताच म्हणते, "उगवलं बघ तुझं शेत."

शेत माझे नव्हे, आत्याचे. योजना आली तेव्हा तिचा अर्ज मी भरला. तिला संदेश वाचता येत नाहीत, म्हणून आधारलाही आणि अर्जालाही माझाच नंबर दिला. घरातल्या शिकलेल्या मुलाचा नंबर देणे ही आमच्याकडची रीतच आहे. त्यामुळे पीक उभे राहते तिकडे आत्याच्या वाडीत, आणि सरकारची वर्दी मात्र पोचते इथे सातव्या मजल्यावर, जिथे मातीशी आमचा संबंध तुळशीच्या कुंडीएवढाच उरला आहे. वर्दी आली की मी फोन करायचो, "आत्या, पैसे आलेत गं, बँकेतून काढून घे." ती "बरं" म्हणायची. तेवढ्याने माझा सारा दिवस प्रसन्न जाई. चांगुलपणा इतक्या सहज हाती येत असेल, तर त्याची चौकशी कोण करील?

तालुक्याच्या शाळेत होतो तेव्हा सहा वर्षे मी आत्याच्याच घरी राहिलो. घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून माझा टोपी-झग्यातला फोटो तिच्या भिंतीवर आहे. त्या पदवीत तिने पहाटे थापलेल्या भाकऱ्या किती आहेत, हे मी जाणतो. निदान जाणतो असे समजत होतो.

या खेपेचा संदेश निराळा होता. केवायसी, म्हणजे सेवा केंद्रावर जाऊन आधारची पडताळणी, झाली नाही तर पुढचा हप्ता बंद, आणि मुदतीचे दोनच दिवस उरलेले. मी लगेच फोन लावला.

"वाडीतल्या बाया गेल्या हुत्या की केंद्रावर," आत्या शांतपणे म्हणाली. "मी न्हाई गेले. त्यांचं सरकारी हाय. मला तर तूच पाठवतोस."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? मीच सांगते समद्यास्नी, माझा भाचा मला इसरला न्हाई म्हणून."

तिची चूक तरी काय होती? सरकार तिने कधी पाहिले नव्हते. पैसे आल्याचे सांगणारा आवाज दर वेळी माझाच होता. एकही खोटा शब्द न उच्चारता माणूस वर्षानुवर्षे न कमावलेल्या मानात किती निवांत राहू शकतो, हे मला त्या क्षणी कळले. मोहही झाला. 'तरीपण केंद्रावर जाऊन ये' एवढेच म्हटले असते, तर तिचा हप्ताही वाचला असता आणि वाडीतले माझे नावही.

"आत्या, ते पैसे माझे नाहीत गं," मी म्हणालो. "सरकारचेच आहेत, तुझ्या जमिनीचे. उद्या जा आणि केवायसी करून घे."

"जाते," म्हणून तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी केंद्रातून तिचा फोन आला. "अंगठा उठंना. झिजलाय म्हणती ही बाई. ओटीपी का काय त्ये तुझ्याकडं आलंय म्हणं." मग तिने विचारले, "म्हंजे एवढी वर्षं तू काय पाठवलंच न्हाईस?"

"नाही, आत्या."

पलीकडे कुणीतरी खोकले, खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बरं. सांग आकडे. मागं माणसं खोळंबल्यात."

मी सहा आकडे एकेक करून सांगितले. त्या बाईसाठी ती प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणत गेली. शेवटचा झाल्यावर "झालं म्हणती" एवढे बोलून तिने फोन ठेवला. लगोलग माझ्या फोनवर केवायसी पूर्ण झाल्याचा संदेश आला. या वेळी तो तिला माझ्याआधीच ठाऊक होता.