चकमध्ये राहिलेली चावी

पूल उतरून दोघं गोदामांच्या लांबलचक भिंतीला लागले, तरी अण्णा तोंड उघडेनात. बसचा एक थांबा मागे पडला, मग दुसराही पडला. "चालतच जाऊ गं, हवा बरी आहे," असं म्हणत सासऱ्यांनी सुनेला तिच्या दवाखान्याच्या दारातून बरोबर घेतलं होतं. हवा काही बरीबिरी नव्हती. नाकातोंडात धूळ जात होती आणि तिच्या चपलेचा अंगठा केव्हाही दगा देईल असा झाला होता. पण ती गुमान चालत राहिली. सुटी झाली की कधी एकदा घर गाठतो असं ज्या माणसाला होतं, तो आज मुद्दाम घर लांबवत होता, एवढं तिला कळत होतं.

अण्णा टर्नर होते. मिसरूड फुटायच्या आधी लेथपुढे उभे राहिले, ते अजून उभेच होते. लोखंडाचा तुकडा चकच्या जबड्यात आवळायचा, गरगर फिरवायचा आणि हत्यार लावून बटाट्यासारखा सोलून काढायचा, असं ते आपलं काम सांगत. मोठ्या कारखान्यातून निवृत्त झाले, हार घालून घरी आले आणि आठवडाभर पंख्याकडे बघत बसले. शेवटी त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या एकाने स्वतःचं वर्कशॉप काढलं होतं, तो येऊन त्यांना घेऊन गेला. तिथे त्यांना सगळे 'सूतभर' म्हणत, कारण लेथवर लावलेला जॉब असो की चहातली साखर, अण्णांना ती नेहमी सूतभर कमी किंवा सूतभर जास्त वाटायची.

सासूबाईंच्या बोटांना संधिवाताने धरलं, तेव्हा अण्णांनी घरातल्या प्रत्येक नळाला लांब दांडा बसवला, डब्यांच्या झाकणांना पितळी मुठी लावल्या, चमच्यांना जाड दांडे घातले. "लग्न नवऱ्याशी केलं की कारखान्याशी, ते मला अजून कळलेलं नाही," असं सासूबाई आल्यागेल्याला ऐकवत आणि प्रत्येक मूठ फिरवून दाखवत. सकाळी कामावर जाण्याआधी त्यांची वेणीही अण्णाच घालत. पहिल्या दिवशी सासूबाई कळवळल्या होत्या, "अहो, वेणी घालताय की आटे पाडताय?" त्यावर अण्णांनी शांतपणे वेणी सोडली, पुन्हा घातली आणि विचारलं, "आता? सूतभर सैल आहे बघ."

गोदामांची भिंत संपली. पुढे एक बंद दुकान होतं, त्याच्या पायरीवर अण्णा टेकले.

"बैस पोरी."

ती बसली.

"चकची चावी तुला माहीत आहे?"

न माहीत असायला काय झालं! त्या घरात रोज जेवताना तोच विषय. चक आवळायची ती चावी भोकात आहे तोवर हात तिच्यावरच हवा. हात काढायचा, तर चावीसकट काढायचा. चावी राहिली आणि मशीन सुरू झालं, तर ती गोळीसारखी सुटते. हाच नियम त्यांनी घरालाही लावला होता. गॅसवर दूध आहे तोवर ओट्यापासून हलायचं नाही.

"राहिली आज," अण्णा म्हणाले.

तिने झटकन त्यांच्या हातांकडे पाहिलं. "तुम्हाला लागलं का? कुठं?"

"मला नाही. कुणालाच नाही. पलीकडे वेल्डर बसतो ना, त्याच्या स्टुलावरून गेली आणि पत्र्यावर आदळली. तो नेमका चहाला उठला होता."

"देवानंच उठवलं त्याला."

"त्यानंच. पण देव रोज त्याला चहाला उठवणार आहे का?"

ती चपलेचा अंगठा चाचपत राहिली.

"वेल्डर आला धावत. म्हणाला, सूतभर, काय हो वाजलं? मी म्हणालो, पत्रा वाजला वाऱ्यानं." अण्णांनी तळहात गुडघ्यांवर घासले. "चावी उचलली, पुसली, जागेवर ठेवली. कुणी पाहिलं नाही. मालक बाहेर होता."

"अहो अण्णा, एखाद्या वेळी होतं असं कुणाचंही."

"नुसती चूक असती तर मी स्वतःला चार शिव्या घालून गप्प बसलो असतो गं. पण मला आठवतच नाही. जॉब लावला हे आठवतं. चावी घातली, फिरवली, हात काढला, यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. मधलं कुणी तरी पुसून टाकल्यासारखं."

आता तिला खरी भीती वाटली, आणि ती दुहेरी होती. आता ते म्हणणार, हे आपल्या दोघांत ठेव. नवरा फिरतीवर, म्हणजे घरात ती आणि सासूबाई. त्यांच्यासमोर बसून भाजी निवडताना तिला हे पोटात ठेवता आलं नसतं. आणि उद्या त्या स्टुलावर वेल्डर बसलेला असला तर? दुसरीकडे, मशीन काढून घेतलं तर या माणसाकडे उरणार काय, पंखा? तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि म्हणाली, "अण्णा, आईंपासून हे लपवायला मला सांगू नका. मला नाही जमायचं."

अण्णा चक्क हसले. "तिच्यापासून लपवायचं? माझी चाल बघूनच ती दारातून विचारेल, काय मोडून आलात म्हणून. तिला आज मी सांगतो. ती रडेल, मग माझ्यावर ओरडेल, मग जेवू घालेल. त्याची मला काळजी नाही."

"मग कसली?"

"मालकाची. पोटच्या पोरासारखा आहे तो. मी त्याला सांगेन, बाबा रे, माझं मशीन बंद कर. तो म्हणेल, 'काहीतरीच काय अण्णा, होतं असं, घ्या चहा.' आणि मी चहा घेईन. चहा संपला की सवयीनं उठून मशीनपुढे जाईन. मी मला चांगला ओळखतो."

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. मग अण्णा तिच्याकडे न बघता म्हणाले,

"उद्या सकाळी दवाखान्यात जरा उशिरा येते म्हणून सांग. माझ्याबरोबर ये. आत येऊ नकोस, नुसती दारात उभी राहा. मी मशीनकडे वळलो, की मोठ्यानं हाक मार. सगळ्यांसमोर. म्हण, अण्णा, चला घरी. एवढं करशील माझ्यासाठी?"