नवेगावच्या जंगलातली भाड्याची गाडी

नोकरीतली मोठमोठी प्रकरणं आता तपशिलात आठवत नाहीत. ही साधी तक्रार मात्र आजही जशीच्या तशी आठवते. निवृत्तीपूर्वीचं माझं शेवटचं वर्ष होतं आणि नेमणूक मीरा-भाईंदरला होती.

एका दुपारी काशीमीऱ्याचा एक गाडीवाला आमच्या पोलीस ठाण्यात आला. तो ड्रायव्हरशिवाय गाड्या भाड्याने द्यायचा. दहा दिवसांसाठी गेलेली त्याची गाडी सोळा दिवस झाले तरी परत आली नव्हती. नेणाऱ्याचा फोन बंद, गाडीतला जीपीएसही बंद.

"साहेब, मेळघाट, पेंच, ताडोबा, नवेगाव, सगळी जंगलं फिरणार, तंबू लावून राहणार, असं बोलला. बासष्ट वर्षांचा माणूस एकटा कॅम्पिंगला जातो का? मीच येडा, विश्वास ठेवला."

मलाही ते पटलं. भाड्याने गाडी घ्यायची, जीपीएस काढायचा आणि परराज्यात विकायची, असे प्रकार आम्ही पाहिलेले. हवालदाराला घेऊन मी लायसन्सवरच्या पत्त्यावर भाईंदरला गेलो. पत्ता खरा निघाला. दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काका घरात असले तरी आवाज नसतो. कधी गेले, काय माहीत नाय." वॉचमनला त्यांचं वर्णनही नीट सांगता येईना. मूळचे मराठवाड्याचे, गोदामातल्या नोकरीतून निवृत्त, लग्न केलं नाही, एवढंच सोसायटीच्या सेक्रेटरींकडून कळलं. ते बेपत्ता असल्याची नोंद कुठे आहे का, हेही मी तपासलं. कोणीच केली नव्हती. अशा वेळी पोलिसाच्या डोक्यात एकच येतं, की माणूस ठरवून गायब झालाय.

दुसऱ्या दिवशी खबऱ्याने सांगितलं, की निघण्याआधी ती गाडी हायवेवरच्या एका गॅरेजसमोर दोन तास उभी होती. तिथला मेकॅनिक गाडीचोरीत पूर्वी आत जाऊन आलेला. त्याला चौकशीसाठी आणलं. तासन्‌तास त्याचं एकच पालुपद, "मैंने कुछ नहीं निकाला, साहब." शेवटी मी प्रश्न बदलला. "दोन तास तो तुझ्याशी बोलला काय?"

तो सरळ होऊन बसला. मग म्हणाला, "सीट पाडून झोपता येईल का, बॅटरी उतरली तर काय करायचं, सगळं विचारत बसला. मी दाखवलं. जाताना बोलला, परत आलो की तुला वाघाचा फोटो दाखवतो. साहब, गाडी बेचनेवाला आदमी ऐसा बोलता है?"

मी त्याला घरी पाठवलं. जंगलांच्या नाक्यांवर वाहनांचे नंबर लिहून घेतात. तिथे फोन लावायला दोघांना बसवलं. मेळघाटला नोंद मिळाली, मग पेंचला, मग ताडोबाला. माणूस ठरल्या रस्त्याने, ठरल्या क्रमाने गेला होता. नवेगावच्या वनरक्षकाने नंबर ऐकताच सांगितलं, "गाडी इथंच उभी आहे जी, साहेब. माणूस दवाखान्यात आहे. पाय मोडला न त्याचा."

गाडीवाल्याला घेऊन आम्ही नवेगाव गाठलं. जीपीएस कोणी काढलेला नव्हता. उभ्या गाडीची बॅटरी उतरली होती. पंचनाम्यात तंबू, स्टोव्ह, एक पातेलं आणि घडीच्या दोन खुर्च्या मिळाल्या.

दवाखान्यात ते काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. तलावाकाठी घसरले, फोन पाण्यात गेला आणि गुराख्यांना दिसेपर्यंत रात्रभर तिथेच पडून राहिले. मग तापाने शुद्ध हरपली. ताप कालच उतरला होता. नर्स म्हणाली, "कोणाला कळवू, विचारलं तर नुसते हसतात जी."

"सोबत कोण होतं?" मी विचारलं. "खुर्च्या दोन आहेत."

"कोणी नाही. दुकानदार जोडीच विकत होता." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भाईंदरहून आलात? एवढ्या लांब, माझ्यासाठी? बिल्डिंगमधल्या कोणी सांगितलं का?"

गाडीवाला काही बोलणार, तोच मी त्याचा हात दाबला.

"हो," मी म्हणालो. "शेजारच्या बाई काळजीत होत्या."

त्यांनी चादर डोळ्यांना लावली. मग म्हणाले, "त्यांना सांगा, मी बरा आहे."

गाडीवाल्याने तिथेच तक्रार मागे घ्यायचं ठरवलं, इतकंच नव्हे, प्लास्टर झाल्यावर त्यांना मागच्या सीटवर आडवं करून त्यानेच भाईंदरला आणलं. मी मात्र आधी पोहोचून शेजारच्या बाईंना भेटलो. खोटं टिकवायचं तर ते त्यांना सांगणं भाग होतं. त्यांनी सगळं ऐकलं आणि दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या.

"साहेब, तक्रार मी द्यायला हवी होती, ना?"

तोवर माझी समजूत होती, की हरवलेल्या माणसाला कोणीतरी शोधतच असतं. इथे शोध गाडीचा होता, माणूस त्या ओघात सापडला.

खऱ्या-खोट्याची शहानिशा करण्यात माझी हयात गेली. त्या दवाखान्यात मी जाणूनबुजून खोटं बोललो. त्याचा पश्चात्ताप नाही. ते खरं नव्हतं, याचं मात्र अजून वाईट वाटतं.