हे आधी काय होतं?

स्टाफरूममध्ये चहासाठी दुधाची पिशवी कापली की देवरे सर खुर्चीतून उठायचे, ओट्याखाली वाकायचे आणि पिशवीचं ते एवढंसं तोडलेलं टोक शोधून काढायचे. मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी सर मला पहिल्यांदा दिसले ते असेच, ओट्याखाली. मला वाटलं, चष्मा पडला असेल.

"पिशवी भंगारवाला उचलतो, मॅडम," ते तिथूनच म्हणाले. "हे टोक कोण उचलणार? चीर द्या, तोडू नका. लेकराला आईपासून तोडू नये."

सर मूळचे नामपूरचे. सिडकोतल्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे. वर्गात बोलणं पुस्तकातल्यासारखं शुद्ध, पण राग आला की बागलाणची बोली बाहेर यायची. कुणी अर्धी पोळी कागदासकट कचरापेटीत टाकली की "हाई काय शे?" अशी आरोळी व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायची आणि पोरं खूश व्हायची.

ओला कचरा, सुका कचरा हा धडा त्यांनी फळ्यावर कधीच शिकवला नाही. वर्गाची कचरापेटी ते सरळ टेबलावर ओतायचे आणि एकेक वस्तू उचलून विचारायचे, "हे आधी काय होतं? आता काय आहे? अजून काय होऊ शकतं?" तिसऱ्या प्रश्नाला वर्ग पेटायचा. कंपासपेटीच्या झाकणाची साबणदाणी व्हायची, फाटक्या मोज्याचं डस्टर व्हायचं. एकदा एकाने विचारलं, "सर, कशालाच उपयोग नसेल तर?"

"तर ती वस्तू विकत आणणाऱ्याला विचारायचं, आणलीच कशाला?"

आमच्या शाळेत दरवर्षी 'टाकाऊपासून टिकाऊ' प्रदर्शन भरतं. त्याच्या आधी फाटकासमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात पाटी लागते, 'टाकाऊपासून टिकाऊचे साहित्य मिळेल'. यात कुणालाच काही वावगं वाटत नाही! आईबाप रांगा लावून आइस्क्रीमच्या कोऱ्या काड्या नेतात, कोरा थर्माकोल नेतात, चमकी नेतात, आणि घरातला खरा कचरा नेहमीसारखा घंटागाडीत जातो. एका वर्षी परीक्षक देवरे सर होते. मांडलेल्या पवनचक्क्या आणि ताजमहाल बघत ते एका मुलापाशी थांबले. "हे आधी काय होतं?"

"दुकानात होतं, सर," मुलगा खरं ते बोलला. सगळा हॉल हसला. फक्त त्याचे वडील हसले नाहीत.

पहिलं बक्षीस सरांनी सहावीतल्या समीक्षाला दिलं. तिची आई अंबडला एका कंपनीत पॅकिंगला जायची. आईच्या मोडक्या छत्रीच्या कापडाची समीक्षाने पिशवी शिवली होती आणि छत्रीची मूठच पिशवीला लावली होती. सरांनी तिला स्टेजवर उभं केलं, पिशवी उंच धरायला लावली आणि माइकवर म्हणाले, "हिच्या घरातून शिका. हिच्या घरात काही वाया जात नाही." टाळ्या पडल्या. आम्ही सगळेच खूश होतो.

त्यानंतर काही दिवसांनी समीक्षाची आई कंपनीच्या कपड्यांतच शाळेत आली.

"सर, रागावू नका," ती म्हणाली. "आमच्या घरात वाया काय जाणार? वाया घालवायला बी काही लागतं ना घरात! तुम्ही लय चांगल्या मनानं बक्षीस दिलं. पण पोरं तिला छत्री म्हणतात. आता ती शाळेत यायला नाय म्हणते. तिला चारचौघींसारखी नवी बॅग पाहिजे, सर. बक्षीस नको."

ती गेल्यावर सर मला म्हणाले, "जे पोतंभर असणाऱ्याला सांगायचं, ते मी काहीच नसणाऱ्याच्या लेकीला उभं करून सांगितलं. हाई काय शिकाडं मी?"

माझा संताप मात्र सरांवर नव्हता. माझे वडील कंपन्यांच्या फाटकांवर कामगार संघटनेची पत्रकं वाटायचे; काटकसरीचा उपदेश नेहमी कुणाला केला जातो हे मी अक्षरओळख झाल्यापासून वाचत आले आहे. ज्याच्या अंगावर भावाचा उतरलेला गणवेश आहे त्याने पुनर्वापर करायचा. आणि आमच्या संस्थेने? प्रत्येक समारंभाला दोन घोट घेऊन टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या आणि 'स्वच्छ शाळा, सुंदर शाळा' लिहिलेला, अध्यक्षांच्या हसऱ्या चेहऱ्याचा नवाकोरा फ्लेक्स.

सरांनीही तेच पाहिलं असणार. कारण पुढच्या वर्षी त्यांनी नियम काढला: घरून काहीही आणायचं नाही. कचरा शाळेचाच वापरायचा.

पोरांनी स्टेजमागची खोली उघडली. आत गुंडाळ्या करून ठेवलेले अध्यक्षांचे वाढदिवस होते. पहिलीची पोरं उघड्या फरशीवर बसायची, म्हणून त्या फ्लेक्सची बसकरं करायचं ठरलं. दोन थर, मध्ये जुनी वर्तमानपत्रं, कडेने दाभणाने टाके. टाका समीक्षाला येत होता, आणि इथे कुणाचं घर दिसत नव्हतं. एक मुलगा दोरा पुढे करून म्हणाला, "ए छत्री, ओवून दे ना."

"आधी नीट नाव घे, मग देते."

त्याने नाव घेतलं. कोपऱ्यात सर पाठमोरे उभे होते. त्यांचे खांदे हसल्यासारखे हलले. त्यांना वर्षभर जे हवं होतं, ते तेवढंच होतं.

प्रदर्शनाला अध्यक्ष आले. पहिलीची पोरं बसकरांवर मांडी घालून ओळीने बसली होती. साहेबांनी एक रिकामं बसकर उचलून उलटं केलं. त्यावर जोडलेले हात होते आणि अर्धी मिशी होती.

"देवरे, माझ्या तोंडावर पोरं बसवता?"

"नाही, साहेब. छापील बाजू खाली ठेवली आहे."

"म्हणजे मी फरशीला तोंड घासायचं?"

"वाढदिवस तर होऊन गेले, साहेब. कापड अजून मजबूत आहे."

हेडबाईंनी डोळे मिटले. पहिलीतलं एक पोरगं मोठ्याने हसलं, आणि माझी खात्री आहे, नंतर आलेल्या सरांच्या बदलीच्या पत्रावर त्याच हसण्याची सही होती. पत्रात अर्थातच 'प्रशासकीय कारणास्तव' असं होतं. निवृत्ती जवळ आलेल्या माणसाला संस्थेच्या नांदगावच्या शाळेत पाठवलं. स्टाफरूममध्ये लोक चहा पीत म्हणाले, "सर जरा अतीच करायचे." हेच लोक दरवर्षी पर्यावरण दिनाला मुलांकडून शपथ म्हणवून घेतात! बसकरं घंटागाडीत टाकायचा हुकूम निघाला, आणि ती उचलायला शिवणारीच मुलं लावली. समीक्षा ढीग छातीशी धरून माझ्यासमोर थांबली.

"मॅडम, हे ओल्यात टाकायचं की सुक्यात?"

मला उत्तर माहीत होतं. मी तिच्या हातातला अर्धा ढीग घेतला.

सरांना सोडायला मी बसस्टँडवर गेले. त्यांच्याकडे एक बॅग होती आणि भांड्यांची गोणी होती. मी धुमसत होते. म्हटलं, "सर, मी पत्रक काढते. अध्यक्षांच्या नावानिशी."

"काढा ना. पाठकोऱ्या कागदावर काढा." मग ते गंभीर झाले. "पण आधी पहिलीच्या पोरांचं बघा, मॅडम. त्यांच्याखाली पुन्हा फरशी आली."

"मी बघते. पण तुम्ही तिथे तरी जरा जपून राहा."

बस लागली. सर चढले, खिडकीशी बसले आणि गजांतून वाकून म्हणाले, "संस्था तीच, अध्यक्ष तेच. तिथेही खोलीभर फ्लेक्स पडले असतील. कच्च्या मालाची काळजी नाही."