‘खालच्या’ तक्रारींची ओपीडी

आमच्या बॅचचं गेट-टुगेदर दरवर्षी नगरला होतं. शहराचं नाव आता बदललंय, पण आमच्या तोंडातून अजून नगरच निघतं. जेवणं झाली की एकेकाला विचारतात, “काय मग, नवीन काय?” डोळ्यांचा डॉक्टर बिचारा म्हणतो, “मोतीबिंदू.” हाडांचा म्हणतो, “बाइकवरून पडलेले.” संपलं! मग सगळे खुर्च्या माझ्याकडे वळवतात.

कारण साधं आहे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन कुणी “वरचं जरा दुखतंय” असं म्हणत नाही. डोळा म्हणजे डोळा. माझ्याकडे राहुरीत बायका येतात त्या “खालचं” घेऊन येतात. खालचं म्हणजे नेमकं काय, ते मी ओळखायचं! अर्धी डॉक्टर, अर्धी ज्योतिषी. रोज हेच चाललंय म्हटल्यावर किस्से साठणारच हो. नावं-गावं बदलून सांगते, बाकी सगळं जसंच्या तसं.

*

एक भूगोलाचे सर बायकोला घेऊन आले. बायको गप्प, सरच बोलणार.

“मॅडम, हिला जरा दक्षिण बाजूला त्रास आहे.”

“दक्षिणेला नेमकं कुठं?”

सर लालबुंद. “म्हणजे… अगदी दक्षिणेला.”

म्हटलं, “सर, दक्षिणेतही तालुके असतात. बाहेरचे ओठ आहेत, आतले ओठ आहेत, योनीमार्ग आहे, पिशवीचं तोंड आहे. तुम्ही जरा बाहेर बसा, मी यांनाच विचारते.”

सर इतक्या चपळाईने बाहेर गेले की चप्पल आतच राहिली. दार लागलं आणि बाई पहिल्यांदा बोलल्या.

“मला खाज सुटलीय हो, बास! एवढंच सांगायचं होतं. घरून निघाल्यापासून आमचे हे त्या वाक्याची प्रॅक्टिस करत होते!”

*

राहात्याकडची एक बाई. दोन लेकरं झालेली, तिसरं नको होतं. मी म्हटलं तांबी बसवू या, कॉपर-टी. ती खुर्चीतून उठलीच.

“तांबी नगं मॅडम. ती वर चढती.”

“वर म्हणजे कुठं?”

“काळजापत्तूर. आमच्या गल्लीतल्या एकीच्या काळजात घुसली म्हणं.”

माझ्या टेबलावर गर्भाशयाचं प्लास्टिकचं मॉडेल असतं. आपल्याकडे सगळ्या पिशवीच म्हणतात त्याला. तिच्या हातात दिलं. “ही पिशवी. बघ, मुठीएवढीच असते. हा योनीमार्ग, तो इथं पिशवीच्या तोंडाशी संपतो. तांबी कधी निसटून पडते, क्वचित सरकते, म्हणून तर मी तपासायला बोलावते. पण इथून काळजाकडं जायला फाटाच नाही.”

तिने मॉडेल उलटंसुलटं करून पाहिलं. बोट घालून पाहिलं. भांडं गळतंय का बघतात तसं उजेडाला धरून पाहिलं.

“म्हंजी आत ठिवलेलं हरवत न्हाई?”

“नाही.”

“बसवा मग. आमच्या घरात दुसरं कायबी ठिवल्या जागी सापडत न्हाई!”

*

आमच्या मंगल सिस्टरची ओळख करून द्यायला हवी. हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. ती बोलायला लागली की मी पेन खाली ठेवते.

एक आई कॉलेजातल्या लेकीला घेऊन आली. “हिला अंगावरून पांढरं जातंय. हाडं झिजून चाललीत पोरीची.” हे वाक्य मी दिवसाआड ऐकते. समजावलं, की तोंडात लाळ असते ना, तसंच हे. आतली जागा स्वतःला ओलं ठेवते, स्वतःच साफ करते. वास आला, खाज आली, रंग बदलला तर या, औषध देते. हाडांचा आणि याचा काडीचा संबंध नाही.

आईला पटेना. “बगा तरी कशी वाळलीय!”

सिस्टरने पोरीला वजनकाट्यावर उभं केलं. जुना केसपेपर काढला. वजन चांगलं वाढलेलं!

“हाडं झिजली आणि वजन वाढलं? मावशी, मग हिच्यात भरलंय काय?”

“डिंकाचे लाडू,” आई अभिमानाने म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आमच्यासाठीही डबा आला. हाडं कुणाचीच झिजली नाहीत, माझी आणि सिस्टरची कंबर मात्र वाढली.

*

ब्यूटी पार्लरवाली एक मैत्रीण आहे आमची. बोलायला फटाकडी, पण त्या दिवशी रडवेली होऊन बसली. मोबाइलवर काहीबाही बघितलं होतं तिने. म्हणे, “माझे आतले ओठ एका बाजूला मोठे आहेत. काळपट पण आहेत. पुण्यात ऑपरेशन करतात म्हणे. मी ॲबनॉर्मल आहे का गं?”

मी तपासलं. अगदी व्यवस्थित होतं सगळं. म्हटलं, “तुझ्याकडे एवढ्या बायका आयब्रो करायला येतात. किती जणींच्या दोन्ही भुवया सारख्या असतात?”

“एकीच्यापण नसतात! आम्हीच करतो सारख्या.”

“मग त्या ॲबनॉर्मल असतात का?”

“छे!”

“मग हेही तसंच. कुणाचे लहान, कुणाचे लांब, कुणाचा रंग गडद. प्रत्येकीचं वेगळं.”

तिने डोळे पुसले, आरशात बघून काजळ नीट केलं. आणि धंदेवाईक आवाजात म्हणाली, “तरी बरं, हे बायकांना माहीत नाही. नाहीतर मला त्याचंपण पॅकेज काढावं लागलं असतं!”

*

एक वकीलसाहेब आले. पुतण्याचं लग्न ठरत होतं. मुलगी एम.एस्सी. झालेली, कबड्डी खेळलेली. मुलगी सोबत नव्हतीच. फक्त साहेब आणि त्यांची फाइल.

“आमची तशी काही शंका नाही मॅडम. पण खेळाडू मुलगी, फॉर्मॅलिटी म्हणून कौमार्याचं एक सर्टिफिकेट मिळालं असतं तर…”

रागाने माझी कानशिलं तापली. तरी आवाज खाली ठेवून विचारलं, “कौमार्याचा पडदा म्हणजे काय समजता तुम्ही? डब्यावरचं सील?”

“साधारण तसंच.”

“मग दर महिन्याला पाळी कुठून येते, वकीलसाहेब?”

साहेबांनी फाइल मिटली. मी पुढे सांगत राहिले. ते झाकण नाही, कडेने असलेली कातडीची लवचीक झालर असते. कुणाची जास्त, कुणाची जवळजवळ नसतेच. कुणाला पहिल्या वेळी रक्त येतं, कितीतरी जणींना येत नाही. ती बघून कुठलाच डॉक्टर काहीही सिद्ध करू शकत नाही. आणि मुलीला न विचारता हा विषय काढताच कसा तुम्ही?

मग ते घसा साफ करून म्हणाले, “पाळीचा मुद्दा आमच्या निदर्शनास आलेला नव्हता.”

दारातून मंगल सिस्टर म्हणाली, “पुढची तारीख देऊ का?”

*

आता हा शेवटचा. याला दरवर्षी मागणी असते.

देवळाली प्रवराकडचं कुटुंब. सासू हिराबाई, मुलगा सोमनाथ, सून पूनम. सोमनाथ गायी भरवतो. म्हणजे गाय माजावर आली की शेतकरी त्याला फोन करतात, हा मोटरसायकलला नायट्रोजनची टाकी बांधून जातो आणि कृत्रिम रेतन करतो. हुशार पोरगा, हाताला यश आहे. आसपासच्या गावांत सगळे त्याला ‘डॉक्टर’च म्हणतात. माझ्यासमोर बसला तोही डॉक्टरसारखाच, पायावर पाय टाकून.

लग्नाला तीन वर्षं झालेली, मूल नव्हतं. पण त्या दिवशी आले होते ते पूनमचा ताप घेऊन. सकाळीच सणकून चढलेला, थंडी वाजत होती, कंबरेत कळा. असा ताप तिला वरचेवर यायचा म्हणे. मी पोट तपासलं तर लघवी गच्च तुंबलेली. “जळजळ होते?” विचारलं, तिने मान हलवली. सिस्टरने तिच्या हातात तपासणीची डबी दिली. “जा, लघवी घेऊन ये यात.”

पूनम उठली. हिराबाईंनी तिचा हात धरून तिला परत खाली बसवलं आणि डबी टेबलावर ठेवली.

“आज न्हाई द्यायची लघवी.”

“का?”

“आज न्हाई. रगात घ्या पायजे तेवढं.”

रक्त घ्या, लघवी नको! मला काही कळेना. शेवटी सोमनाथनेच उलगडा केला, अगदी शास्त्रशुद्ध आवाजात. पूनमचे मूल राहण्याचे दिवस चालू होते. “बीज आत गेलं की दुपारपर्यंत लघवीला जायचं नाही मॅडम. गेलं की सगळं धुऊन निघतं. हिला किती वेळा सांगितलं, पण ही गुपचूप उठून जायची. म्हणून तर राहत नाही.”

“चोरून जाती वो!” हिराबाई म्हणाल्या. “आता न्हानीची कडी मीच सांभाळती.”

“आणि सोमनाथ, तुमची तपासणी झालीय?”

“माझी कशाला? क्वालिटी मला कळते.”

“वळूची!” सिस्टर पुटपुटली.

हिराबाईंचं पुढचंही ठरलेलं होतं. दिवाळीपर्यंत वाट बघायची, नाहीतर सून कायमची माहेरी. दुसरी सोयरीक बघून ठेवलेली. आणि हे सगळं पूनमच्या देखत! ती पोरगी फरशीकडे बघत बसलेली. अंगात ताप, पोटात तुंबलेली लघवी, आणि गुन्हा काय, तर लघवीला जाते! मला असा संताप आला की वाटलं, दोघांना बाहेर काढावं. पण ओरडून भागणार नव्हतं. ही घरी गेली की कडी पुन्हा हिराबाईंच्याच हातात. पटवायचं होतं ते आत्ता, इथेच.

कागद घेतला, चित्र काढलं. “नीट बघा. बाईला तीन वाटा असतात. सगळ्यात पुढे ही बारीकशी लघवीची. तिच्यामागे योनीमार्ग, इथून पाळी येते, इथूनच बाळ येतं. त्याच्यामागे शौचाची. लघवी आपल्या वाटेनं जाते, बीज आत राहतं. उलट नंतर लघवीला गेलेलं चांगलं, जंतू धुतले जातात. ही दाबून धरते म्हणून तर हा ताप. असंच चाललं तर किडनी जाईल हिची.”

सोमनाथ हसला. “मॅडम, तुमचा गैरसमज होतोय.”

माझा!

“दोनच वाटा असतात. रोजचं काम आहे माझं. लघवीची वाट आतल्या आत उघडते, खालच्या अंगाला. म्हणून तर आम्ही नळी वर रोखून घालतो. नाहीतर ती भलतीकडेच शिरते.”

गंमत अशी, की त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. गायीच्या बाबतीत! तसं मी म्हणालेसुद्धा. “गायीचं तुमचं बरोबर आहे. बाईचं तसं नसतं.”

“सस्तन ते सस्तन!” सोमनाथ ठाम.

“अन् चित्र काय, कोनीबी काढंल,” हिराबाई म्हणाल्या. “माजी चार बाळंतपनं झालीत. मला म्हाईत न्हाई व्हय?”

“कधी बघितलंय का स्वतःचं?”

“अगं बया! ती काय बगायची जागा हाय?”

“मग कळणार कसं? आरसा आहे माझ्याकडे. पूनमची तयारी असेल तर तिलाच दाखवते, तीच सांगेल तुम्हाला.”

पूनमने पदर गळ्यापर्यंत ओढून घेतला. हिराबाई तिच्याकडे बघत राहिल्या. तापाने लाल झालेलं तोंड, एकमेकांवर दाबून धरलेले गुडघे. काय आलं त्यांच्या मनात, देव जाणे. एकदम उठल्या.

“तिला कशाला तरास? माजंच दाखवा.”

“आई!” सोमनाथ ओरडला.

“तू गप बस.”

पडद्यामागे हिराबाई, मी, सिस्टर आणि आरसा. दिवा लावला. मी एकेक दाखवत गेले. हिराबाई बघत होत्या, मान तिरकी करून, डोळे बारीक करून. ओठ हलत होते. दोनपर्यंत आल्या आणि थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

“तीन हायेत,” त्या हळूच म्हणाल्या.

मग मला विचारतात, “हे पैल्यापासून असंच हुतं?”

“नाही मावशी,” सिस्टर म्हणाली, “आत्ताच बसवलं!”

हिराबाई हसल्या नाहीत. लुगडं नीट केलं आणि पडदा सारून बाहेर आल्या. सोमनाथ उभाच होता. “काय गं आई? दोनच ना?”

“तू तुज्या गायी बग,” त्या म्हणाल्या. टेबलावरची डबी उचलली, पूनमच्या हातात दिली आणि तिची बोटं स्वतःच्या हाताने मिटली.

“जा माजी बाई. पोटभर मूत.”