रिकाम्या बाटल्यांचा शौक

मी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही, आणि तरीही माझ्या दारूपायी वडिलांनी चहा सोडला.

झालं असं, की मिशनच्या दवाखान्यातल्या अमेरिकन डॉक्टरीणबाई मायदेशी निघाल्या, तेव्हा त्यांच्याकडच्या तीन चपट्या काचेच्या बाटल्या मी मागून घेतल्या. त्यांच्या पणजोबांच्या काळी तिकडे खिशात व्हिस्की बाळगायला अशा बाटल्या फुंकून बनवत. एकीवर गरुड, एकीवर जहाज, तिसरीवर मक्याचं कणीस. (बाई त्यांत एरंडेल ठेवत, पण हे पुढे कुणाला पटेना.) काचेत हवेचे बुडबुडे अडकलेले. कुणा अनोळखी कारागिराचा श्वास अमरावतीत माझ्या हातात आहे, या विचारानं मी खुळावून जाई.

एकदा चांदूर बाजारहून वडील अचानक आले. त्यांना दारात बघून मी बाटल्या गादीच्या वळकटीत कोंबल्या. त्यांनी टेकायला नेमकी तीच वळकटी ओढली.

"कवापासून पेऊन राहिला?"

"पेत नाही, बाबा. नुसत्या बाटल्या जमवून राहिलो."

"मंग लपवल्या काहून?"

मी वळकटी पुन्हा गुंडाळायला घेतली.

वडिलांचा धाकटा भाऊ दारूनं गेला होता. ते ओरडले असते तर मी भांडलो असतो, पण ते खाली बघत म्हणाले, "तू सोडशील तवाच मी चहा घेईन." सुरूच न केलेली गोष्ट सोडायची कशी? बायको मदतीला धावली. "बाबा, हे खरंच पेत नाहीत. बाटल्या पुसतेत अन् त्याईच्याकडे पायत बसतेत." वडिलांचा चेहरा आणखी उतरला.

मग मी त्यांना बडनेऱ्याला नेलं. तिथल्या एका म्हाताऱ्या रिटायर्ड इंजिन ड्रायव्हरला लढाईच्या दिवसांत कुणा अमेरिकन सोल्जरनं तशीच बाटली दिली होती, आणि ती विकायला तो कसाबसा तयार झाला होता. व्यवहार बघितला की वडिलांची खात्री पटेल, असा माझा हिशेब. ड्रायव्हरनं बाटली पुढे ठेवली. आत त्याची दारूबंदीत परमिटवर मिळवलेली ब्रँडी, गळ्यापर्यंत!

वडिलांनी डोळे मिटले.

"मले फक्त बाटली पायजे," मी म्हणालो.

"और ये माल?" ड्रायव्हरनं विचारलं.

त्याचा विचार फिरेल या धास्तीनं मी बाटली उचलली आणि सगळी ब्रँडी त्याच्या अंगणातल्या पपईच्या बुडाशी ओतली. तो डोकं धरून बसला. मी बाटली उन्हात धरून बुडबुडे शोधू लागलो, आणि वडील सोबत आहेत हेच विसरलो.

परतताना वडिलांनी स्टेशनावर स्वतःहून चहा मागवला. त्यांचे डोळे भरले होते. माझ्या पाठीवरचा हात त्यांनी बराच वेळ काढला नाही, आणि मला अगदी लहान झाल्यासारखं वाटलं.

घरी आल्यावर त्यांनी माझ्या बायकोला हाक मारली. "सूनबाई, हा पेत नाही. म्या डोयानं पायलं." मग खाटेवर बसून माझ्याकडे एकटक बघत राहिले.

"पेणाऱ्याची सोडवता येते, पोरी. पण भरलेली ओतून रिकामी घरी आणते, त्याले न्यावं कुठी?"