कुशाबाने न पुसलेली रेघ

कुशाबा दासगावचा गवंडी. महाडात कुणी घर विकायला काढलं आणि त्याआधी थोडी डागडुजी करायची असली, की त्यालाच बोलावणं जातं. पहिल्या दिवशी तो थापी आणत नाही. सगळी दारं उघडून-लावून बघतो, मोरीत बादलीभर पाणी ओतून ते कुठे तुंबतं ते पाहतो, भिंतींना तळहात लावतो. मग चहा पिता पिता काय करायचं ते सांगतो, आणि काय करायचं नाही तेही.

आमच्या शेजारच्या चंद्राबाईंचं घर त्याने असंच हाती घेतलं. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच. मुलगा विपुल डोंबिवलीला, मुलगी अनुपमा पोलादपूरला. अनुपमाच्या शेजारी दोन खोल्या घ्यायच्या आणि यंदाचा पावसाळा तिथे काढायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं. दोन हजार एकवीसच्या पुरात त्या दीड दिवस आमच्या गच्चीवर होत्या. तेव्हापासून आभाळ भरून आलं की त्यांना जेवण जात नसे. पण दोन गिऱ्हाइकं घर पाहून परत गेली होती. दोघांचीही नजर बाहेरच्या खोलीतल्या, छातीएवढ्या उंचीवरच्या, पुराच्या तपकिरी रेघेवर अडली होती.

विपुलला छताला पीओपी आणि भिंतींना ऑइलपेंट हवा होता.

"वर कोण बघतो रे विपुल?" कुशाबा म्हणाला. "माणूस खाली बघून घरात शिरतो. तिथं तुझा उंबरा हलतोय."

ऑइलपेंटला तर त्याने साफ नकार दिला. पुरानंतरच्या वर्षी त्याने एका ओल्या भिंतीवरची रेघ अशीच रंगाखाली झाकली होती. घर विकलं गेलं. आषाढात भिंतीला फोड आले. नव्या मालकाने त्याला बोलावलं आणि त्याच्यासमोर एकेक फोड बोटाने फोडत राहिला. कुशाबाने ती भिंत पदरमोड करून पुन्हा केली.

चंद्राबाईंकडे त्याने सुटलेलं प्लास्टर खरवडलं आणि दहा दिवस दारं-खिडक्या सताड उघडी ठेवली. फुगलेली दारं तासून घेतली, मोरीचा उतार सुधारला, उंबरा बसवला. विजेचे बोर्ड रेघेच्या वर नेले. माळ्यावर चढायला चंद्राबाई आमची शिडी मागून नेत. तिथे भंगारवाल्याकडचा कठडा असलेला लोखंडी जिना पक्का केला. शेवटी साधा फिकट रंग दिला. दाराजवळ मात्र वीतभर रेघ तशीच ठेवली.

विपुलला ते पटलं नाही. उमरठचे गोमाजी बायकोला घेऊन घर बघायला येणार होते, त्या सकाळी त्याने रेघेवर कॅलेंडर टांगलं. मुलगी सेजल महाडच्या कॉलेजात शिकणार म्हणून गोमाजींना घर हवं होतं.

"कॅलेंडर एवढं खाली?" गोमाजी म्हणाले. "तिथी बसून वाचता काय?" आणि त्यांनी ते उचललं.

विपुल खिडकीबाहेर पाहू लागला. चंद्राबाईंनी पदर मुठीत धरला. कुशाबा हात पुसत मोरीतून बाहेर आला.

"एकवीसला पाणी हितवर आलतं," तो म्हणाला. "बोर्ड त्याच्या वर हायेत. सामान चढवायला ह्यो जिना."

गोमाजी जिना चढले. उतरले. मग कोपऱ्यातला पत्र्याचा डबा उचलून पुन्हा चढले.

"चार घरं बघितली," खाली येऊन ते म्हणाले. "कुठंच पाणी आलेलं नाय. मग महाड बुडालं ते कुठलं?"

कुशाबा हसला, चंद्राबाईही हसल्या. बनुबाईंनी, म्हणजे गोमाजींच्या बायकोने, प्यायला पाणी मागितलं आणि त्या खाली ऐसपैस बसल्या, तेव्हाच मी दारातून ओळखलं, घर ह्यांनी घेतलं. खर्च बेताचा झाला होता. ठरलेली किंमत मात्र आधीच्या दोन्ही बोलींपेक्षा चांगलीच वर होती.

वैशाखात किल्ली द्यायच्या दिवशी चंद्राबाई बनुबाईंना जिन्यापाशी घेऊन गेल्या.

"आधी कागदपत्रांची पेटी. मग तांदूळ. मग सिलिंडर. कपाटाच्या नादाला लागायचं नाय गो, माणसं वर घ्यायची."

बनुबाईंनी पुन्हा एकदा सांगायला लावलं. चंद्राबाईंनी सावकाश सांगितलं, मग किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि पोलादपूरच्या गाडीला निघाल्या.