मास्तरांचा वाटा

भाईदास मास्तरांइतका बोलका माणूस पारोळ्याच्या आसपास शोधून सापडला नसता. लोकल बोर्डाच्या शाळेमागच्या पडीक जागेत त्यांनी भाजीचा मळा उभा केला, तोही बोलून बोलून. दर आळीला एक वाफा. पोरांनी खुरपायचं, मोठ्यांनी पाणी घालायचं आणि शनिवारी सगळ्या भाजीचे सारखे वाटे करून घरोघर न्यायचे.

सगळं झकास चाललं होतं, पण शेवटच्या वाफ्याच्या भाजीला कुणी हात लावेना. तो वाफा महारवाड्याचा. वांगी अशी हिरवीगार, की बघूनच भरीत आठवावं. तरी त्यांचा वाटा वाट्याला आला की माणसं आभाळाकडे बघू लागत. एका शनिवारी मास्तरांनी सर्वांदेखत ती वांगी उचलून आपल्या पिशवीत टाकली.

"हा वाटा माझा! दर शनिवारी माझाच!"

त्या वाफ्याला पाणी घालणाऱ्या तानुबाईने पदराने डोळे टिपले. गावात मास्तरांचं नाव झालं, आणि ते त्यांना फार गोड लागलं.

पिशवी मात्र घरी पोचत नसे. वाटेत नासीर टांगेवाल्याचं घर होतं. "पोराबाळांचं घर, राहू द्या," म्हणत मास्तर ती तिथे रिकामी करत आणि हलक्या पावलांनी पुढे जात. भाषणं ठोकणं वेगळं आणि ती वांगी आपल्या चुलीवर भाजणं वेगळं.

सोमवारी तानुबाई विचारायची, "मास्तर, भरीत कसं व्हयनं?"

"फक्कड!" मास्तर म्हणायचे. वर बायकोच्या, कमलबाईंच्या हातची फोडणी, कांद्याची पात, सगळं रंगवून सांगायचे. तानुबाई हरखून जायची. चांगली चांगली वांगी ती मास्तरांसाठी झाडावरच राखू लागली.

मग एकदा बाजारात नासीरच्या बायकोने, मदिनाने, मास्तर दर शनिवारी आणून देतात त्या वांग्यांचं तानुबाईपाशी भाबडेपणाने कौतुक केलं.

पुढच्या शनिवारी मास्तर पिशवी घेऊन उभे राहिले, तर शेवटचा वाटा जागेवर नव्हता.

"तानुबाई, माझा वाटा?"

"तुमना वाटा नासीरभाऊना घर पोचाडी दिधा, मास्तर," बादली ओतता ओतता ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुमले फेरा कसाले?"

मास्तरांचे कान तापले. आजूबाजूच्यांना यातलं काय ठाऊक! लोक म्हणाले, "बघा, आपला वाटासुद्धा गरिबाला देऊन टाकतात!" त्या कौतुकाने मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तानुबाईने पुन्हा वर पाहिलं नाही, आणि भरताचं तर त्यानंतर कधीच विचारलं नाही.

घरी येऊन त्यांनी कमलबाईंना सगळं सांगितलं. रिकामी पिशवी अजून हातातच होती.

"तुला चाललं नसतं, म्हणून मी..."

भाकरी थापता थापता कमलबाईंनी मान वर केली.

"मला विचारलंत कधी?"